दहा सेकंदांत दोनदा

आमचं आडनाव समुद्रे.
तीन पिढ्या ब्रह्मपुरीच्या उताराला काढल्या,
पाणी म्हणजे पंचगंगा,
फार तर रविवारी संध्याकाळचा रंकाळा.
शाळेत पोरं विचारायची, काय समुद्रे, भरती कधी?
मग पप्पांना दीपगृहात नोकरी लागली,
बदली थेट बेटावर.
आजोबा म्हणाले, "घ्या. लागलं नाव अंगाला."

बेटावरचा पहिला डिसेंबर.
आईनं सवयीनं ट्रंकेतले स्वेटर काढले,
उन्हात टाकले,
संध्याकाळी घडी घालून परत ट्रंकेत ठेवले.
काही बोलली नाही.
पप्पांचं कापशी पायताण खाऱ्या पाण्यानं फुगलं
आणि त्याची करकर बंद झाली.
ते घरात आले तरी कळेना.
तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, कोल्हापूर लांब आहे.

नारळ एवढे की पायात यायचे.
करंज्यांचं खोबरं खवून तयार,
गूळ नाही.
गूळ बोटीत,
आणि बोट कुठे ते वायरलेसवाल्यालाही ठाऊक नाही.
"वडणग्याकडं गुऱ्हाळं पेटली असतील आता,"
आई परातीशी बोलायची,
"पोरं काकवीला तांबे घेऊन उभी असतील."

चोवीस तारखेला शेजारची हॅना आली.
तिला मराठी येत नव्हतं,
आईला तिची भाषा नाही, हिंदी दोघींची तोडकीमोडकी.
पानात बांधून तिनं काहीतरी आणलेलं,
केवड्यासारख्या कुठल्या झाडाच्या फळाचा लगदा,
पिवळा, शिजवलेला, रताळ्यासारखा गोडसर.
आईनं वास घेतला. बोटानं चाखला.
मग जराही न विचारता खोबऱ्यात कालवला.
हॅनाला कातण फार आवडलं.
करंज्या संपल्या तरी ती पोळपाटावर
नागमोडी रेघा काढत बसली,
आणि आई, जी पिठाचा कण वाया जाऊ द्यायची नाही,
तिला नवीन पोळी लाटून देत राहिली.

रात्री झावळ्यांच्या मांडवात उपासना.
आम्ही सगळ्यात मागं.
पप्पा नव्हते, दिवा सोडून येता येत नाही.
पण त्यांचा उजेड यायचा.
दहा सेकंदांत दोनदा,
पाळकांच्या पुस्तकावरून, बायकांच्या फुलांवरून,
झोपलेल्या कुत्र्यावरून.
मी मोजायचे: एक, दोन,
आणि मग आठ आकडे अंधाराचे.
आई डोळे मिटून प्रार्थनेत,
तरी तिच्या ओठांवर मला दिसायचं,
आले.
आले.
गेले.

बोट तीन जानेवारीला लागली.
ढेपेला मुंग्या, चटणीच्या डब्याला गंज,
आणि आजोबांचं पत्र:
इकडं थंडी झकास. यंदा चांदणी लावली नाही.
शिडी धरायला माणूस नाही.

पुढं तीन नाताळ तिथंच झाले,
त्यांतलं मला फारसं आठवत नाही.

आता पप्पा शहात्तर.
शिडी माझा मुलगा धरतो.
कामट्यांची, पतंगी कागदाची चांदणी गच्चीवर चढते,
तिची वायर खिडकीतून आत,
आणि बटण पप्पांच्या खुर्चीच्या हाताला.
मांडीवर घड्याळ.
स्वयंपाकघरात आई गूळ घालायच्या आधी
मूठभर खोबरं वाटीत वेगळं काढते.
कुणासाठी ते आम्ही विचारत नाही, तीही सांगत नाही.
सकाळी ती वाटी रिकामी असते,
बहुतेक पप्पाच खातात.

काल गल्लीतल्या कुणीतरी वायरमनला फोन केला,
समुद्र्यांची चांदणी सारखी जातीय-येतीय,
लूज कनेक्शन दिसतंय.
इनायत आला, कानाला मफलर, खांद्यावर पक्कड-टेस्टरची पिशवी.
"काका, होल्डर बदलून टाकू का? दोन मिनिटांचं काम हाय."
बाहेर अंधार होता.
पप्पांनी घड्याळावरची नजर काढली नाही.
"थांब," म्हणाले,
"अजून चार."